ओल चार बोटं उतरली

“तिथं पाळणा ठेवू नकोस, पोरी!”

हे आपणच बोललो, हे कळायला नळवाल्या काकांनाही एक क्षण लागला. मुलानं सकाळीच बजावून ठेवलं होतं, “बाबा, आज तुम्ही गॅलरीत बसायचं. पेपर वाचायचा. कुणी विचारलं तर बोलायचं, नाहीतर नाही.” आणि काका बसलेही होते... तासभर, हातातला पेपर सुलटा आहे की उलटा हेही न बघता. पण घर बघायला आलेली ती शिक्षिका, सातवा महिना लागलेली, मोठ्या खोलीतल्या नव्याकोऱ्या रंगाच्या भिंतीवर हात ठेवून नवऱ्याला म्हणाली, “पाळणा इथं बसेल ना रे?” आणि काकांना गॅलरीत बसवेना. ते उठून थेट आत आले.

“त्या भिंतीला ओल आहे,” ते म्हणाले. “आठ दिवसांपूर्वी रंग मारलाय, म्हणून दिसत नाही. पावसाळ्यात परत वर येईल.”

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. एजंटनं कपाळाला हात लावला.

“काका, बावीस वर्षं या धंद्यात आहे मी,” तो म्हणाला. “घेणाऱ्यानं खोड काढलेली रोज बघतो. विकणाऱ्यानं काढलेली आज पहिल्यांदा बघतोय. तुम्ही घर विकताय की मोडताय?”

शिक्षिकेचा नवरा, बसचा ड्रायव्हर, गालातल्या गालात हसला. पण ती हसली नाही. तिनं भिंतीवरचा हात काढला आणि पोटावर ठेवला. सूनबाई प्रसंग ओळखून पुढं झाली. “चला, चहा टाकलाय, स्वयंपाकघरही बघून घ्या,” असं म्हणत तिनं पाहुण्यांना आणि एजंटला बाहेर नेऊन दार ओढून घेतलं. खोलीत बाप आणि मुलगा दोघंच उरले.

“का केलंत बाबा हे?” मुलानं विचारलं. “हा सौदा झाला नाही तर तिकडचं घर हातचं जाईल, हे माहीत आहे ना तुम्हाला? त्या घरात तुमची खोली आहे! आई गेल्यापासून तुम्ही इथं एकटे... दूध उतू गेलं तरी तुमच्या लक्षात येत नाही... तुम्हाला आमच्यात न्यावं म्हणून हा सगळा खटाटोप! आणि तुम्ही...”

काकांना कळत होतं, पोराचं चुकलं होतं, पण पोरगं बापासाठीच चुकलं होतं.

“आणि ही खोली!” मुलाला आता आवरेना. “हिच्यावर तुम्हा दोघांचा जीव! मला लहानपणापासून ती लहान खोली, तो कोंडवाडा. मित्र यायचे तर बसायला जागा नसायची. लग्न झालं तेव्हा आईला म्हटलं, ही खोली आम्हाला दे. आई काय म्हणाली आठवतंय? ‘ती खोली माझी आहे, ती मागायची नाही.’ नव्या सुनेसमोर, बाबा! त्या दिवशी मी घर सोडलं. नऊ वर्षं सणासुदीला पाहुण्यासारखा आलो. आई गेली, तरी तो काटा तसाच आहे हो...”

काका पलंगाच्या कडेला बसले. हीच ती वेळ. खरं काय ते मुलाला सांगायला हवं होतं बायको असताना, तिच्या देखत. तेव्हा त्यांची जीभ उचलली नव्हती.

कारण चूक त्यांची होती. हे घर त्यांनीच निवडलं होतं. गावातले निम्मे नळ त्यांच्या हातचे. घर बघायला आले तेव्हा त्यांनी एकेक तोटी उघडून पाहिली होती, पाइपांवर हातोडीनं टकटक केली होती, टाकीत डोकं घातलं होतं. “पाण्याची काळजी नाही,” असं बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं. पण या भिंतीला विकणाऱ्याचं एक भलं थोरलं कपाट लावलेलं होतं, ते सरकवून बघायचं त्यांना सुचलं नाही. नळवाला माणूस, त्यानं नळ बघितले, भिंत नाही! पलीकडची इमारत एवढी चिकटून होती की मध्ये जेमतेम हातभर फट. तिच्यात पावसाचं पाणी साठायचं, आणि तिच्यात माणूस शिरत नसल्यामुळं बाहेरून गिलावा करायची सोय नव्हती.

आणि पहिल्याच पावसाळ्यात, या भिंतीलगत ठेवलेल्या पाळण्यात, दहा महिन्यांच्या बाळाची छाती घरघरू लागली होती...

“चल,” काका उठून म्हणाले. “ते कपाट फिरवायला हात लाव.”

“आता कपाट कशाला?”

“हात लाव म्हटलं ना.”

लग्नानंतर बायकोनं हौसेनं करून घेतलेलं ते लाकडी कपाट. घर घेतल्यावर त्या भिंतीपुढं तेच उभं राहिलं होतं. रंगकामासाठी मुलानं ते दुसऱ्या भिंतीला नेलं, पण त्याच्या पाठीकडं बघायला कुणाला सवड होती! दोघांनी मिळून ते वळवलं. पाठीच्या फळीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या. खाली, वर, मध्ये... चाळीसएक रेघा. प्रत्येकीपुढं साल आणि बारीक, टोकदार अक्षर.

“हे आईचं अक्षर...” मुलगा खाली वाकला.

“दर पावसाळा संपला की कपाट ओढायची, ओल कुठवर चढली तिथं फळीवर रेघ मारायची, मग स्वतः भिंत खरवडून चुना द्यायची आणि कपाट परत लावायची. पहिली रेघ माझ्यासमोर मारली होती. पुढचं मी कधी वाचलं नाही. धीर झाला नाही. वाच तू.”

मुलानं बोट ठेवलं. “‘ओल इथपर्यंत. बाळाची छाती भरली. डॉक्टर म्हणाले, कोरड्या जागी निजवा.’” बोट सरकलं. “‘बाळाला लहान खोलीत नेलं. तीच एक कोरडी. खोकला थांबला.’” तो थबकला. पुढची रेघ, त्याच्या पुढची... “‘बाळ शाळेत जाऊ लागला. खोकला नाही.’ ‘बाळ रुसला, मोठी खोली मागतो. रुसू दे.’”

मुलाच्या लग्नाच्या सालची रेघ सगळ्यांत वर होती, त्या साली पाऊस फार झाला होता. ती त्यानं मनातल्या मनात वाचली.

“काय लिहिलंय?” काकांनी विचारलं.

“‘सूनबाईला ही खोली द्यायची नाही. उद्या तिलाही बाळ होईल. मला वाईट म्हणाले तरी चालेल.’”

मग मात्र त्याला रडू आवरलं नाही. चाळिशीचा माणूस, डोक्यात पांढरे केस आलेला, त्या फळीला कपाळ लावून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. “आई गं... कोंडवाडा म्हणत होतो मी! कोंडवाडा!... एकदा तरी सांगायचं होतंस!”

“माझ्यामुळं नाही सांगितलं तिनं,” काका म्हणाले. “भिंतीचं नाव काढलं की माझं तोंड उतरायचं. घर मी बघून घेतलेलं ना! माझी मान खाली जाऊ नये म्हणून तिनं वाईटपणा घेतला. तिचा उजवा खांदा दर पावसाळ्यात धरायचा, तरी निजताना भिंतीकडची बाजू तिचीच. आणि मी... तू घर सोडून गेलास तेव्हा दारात उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर तू थांबला असतास. नाही बोललो. आज त्या पोरीनं पाळण्याचं नाव काढलं... मला परत गप्प बसता आलं नाही, बाळ.”

मुलानं वडिलांचे हात धरले. पाना फिरवून फिरवून ते निबर झाले होते. “मीच रंग मारला, बाबा... त्याच भिंतीला...” तो म्हणाला. मग डोळे पुसताना त्याला फळीवर आणखी काही दिसलं. “थांबा. ही तुमची आहे.”

ती रेघ काकांनी स्वतः वाचली. चष्मा दोनदा पुसून. आठ वर्षांपूर्वी त्यांनी शेजारच्या इमारतीतल्या लोकांच्या हातापाया पडून, दोन्ही गच्च्यांच्या मधल्या फटीवर पत्रा बसवला होता. ओल पुरती गेली नाही, म्हणून ते स्वतःवर चिडले होते, दोन दिवस नीट जेवले नव्हते. तिनं लिहिलं होतं, ‘ह्यांनी पत्रा बसवला. ओल चार बोटं उतरली. देव ह्यांचं भलं करो. खूप केलं ह्यांनी.’

चार बोटं! आयुष्यभर ते त्या भिंतीची लाज बाळगत आले, आणि ती तिथं त्यांचे आभार लिहून गेली होती... काकांनी त्या अक्षरांवर हात ठेवला. ती गेल्यापासून त्यांना रडू आलं नव्हतं. आज आलं.

थोड्या वेळानं तोंड धुऊन दोघं बाहेर आले. मुलगा पाहुण्यांसमोर उभा राहिला. “रंग मी मारला. माफ करा. बाबा तुम्हाला घर दाखवतील, आणि सगळं दाखवतील.”

“सगळं?” एजंटनं कप खाली ठेवला. “संपलं. मी आणखी एक चहा घेतो, वहिनी.”

काकांनी त्या दोघांना सगळं दाखवलं. स्वयंपाकघर, मोरी आणि संडास, तिन्हीकडचे नळ एकदम सोडायला लावले. “एकेक नळ सगळेच बघतात. एकदम सोडून बघा, मग जोर कळतो. बघ, स्वयंपाकघरातली धार बारीक झाली. इथं एवढंच आहे, जास्त मिळणार नाही.” खिडकीची अडकणारी कडी दाखवली, गच्चीवरचा पत्रा दाखवला. “दुसरं घर बघायला गेलात तरी एक लक्षात ठेवा. एकाच भिंतीला नवा रंग दिसला की विचारायचं, हिलाच का? कपाट असेल तर सरकवायचं. मालक कुरकुरला तर दोनदा सरकवायचं! खालच्या मजल्यावरच्याला भेटायचं, छत गळतं का ते तो सांगेल. सकाळी, दुपारी, संध्याकाळी असं तीनदा यायचं, म्हणजे ऊन कुठं येतं, शेजारी कसे आहेत ते कळतं. कागदावरचं नाव आणि समोरचा माणूस एकच आहे ना, ते वकिलाकडून बघून घ्यायचं. आणि तोंडी ‘करून देतो’ म्हटलेलं काहीही धरायचं नाही, लिहून घ्यायचं.”

“काका, माझ्या पोटावर पाय आणताय,” एजंट म्हणाला, पण तोही कान देऊन ऐकत होता.

शिक्षिका लहान खोलीच्या दारात थांबली. “आणि इथं?”

“ही कोरडी आहे,” काकांच्या आधी मुलगाच बोलला. “मी इथं वाढलोय. पाळणा इथं ठेवा.”

विचार करून कळवतो, म्हणून ती दोघं गेली. तीन दिवस फोन वाजला नाही. तिकडच्या घराची मुदत संपत आली होती, पण मुलगा एका शब्दानं बोलला नाही. रोज संध्याकाळी यायचा, बापाशेजारी बसायचा आणि म्हणायचा, “आईबद्दल सांगा काहीतरी.” काका सांगायचे. सूनबाईनंही ती फळी वाचली, लग्नाच्या सालच्या रेघेपाशी बराच वेळ उभी राहिली, आणि ओलावलेले डोळे पुसत म्हणाली, “मी किती बोलले होते हो त्यांना...”

चौथ्या दिवशी ती शिक्षिका आणि ड्रायव्हर दोघं आली. तीन वेळा येऊन, खालच्या मजल्यावरच्या आजींशी बोलून, रस्त्यावर उभी राहून गेली होती म्हणे. “जो मालक स्वतः ओल दाखवतो, त्याच्या घरात आणखी काही लपलेलं नसणार,” शिक्षिका म्हणाली. “आम्ही घेतो. मोठ्या खोलीत बैठक करू, त्या भिंतीला काही लावणार नाही.” भिंतीच्या कामापोटी भाव थोडा उतरला. करारात ओलीचं वाक्य मुलानं स्वतः सांगून घालायला लावलं. तिनं जाता जाता विचारलं, “ते जुनं कपाट ठेवता का आम्हाला?”

“तेवढं मागू नका,” मुलगा हसून म्हणाला.

महिन्याभरानं नव्या घरी सामान आलं. सूनबाई जरा संकोचून म्हणाली, “बाबा, तुमची खोली लहान आहे...” काका दारात उभे राहिले. खोली लहान होती खरी. पण खिडकीतून आलेलं ऊन पलंगाच्या उशापर्यंत पसरलं होतं आणि कपाट भिंतीपासून हातभर पुढं, पाठीची फळी दिसेल असं उभं केलं होतं.

“लहान आहे,” मुलगा म्हणाला, “पण घरात सगळ्यात कोरडी हीच. सकाळी, दुपारी, संध्याकाळी... तीनदा येऊन बघून गेलो. सगळ्या भिंतींना हात लावून.”

काकांनी नुसता हात पुढं केला. मुलाला कळलं, त्यानं खिशातून पेन्सिल काढून दिली. काका फळीपाशी वाकले, बायकोच्या शेवटच्या रेघेखाली जागा शोधली आणि सावकाश, अक्षर वळणदार नाही याची लाज न बाळगता, लिहिलं, ‘नवं घर. ओल नाही. बाळानं तीनदा बघितलं. ओल बघायला तू शिकवलंस.’