डावीकडे वळलं की!

"विकायची म्हणजे विकायची!" बबनमामांनी हुकूम सोडला. "संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. ताई, तू आपली रिक्षानं जा कंपनीत. बायकांना नाही जमत!"

आईच्या कोपराला पट्टी होती. तिनं स्कूटरची किल्ली काढून भावापुढे ठेवली. यशोधराच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं आई याच स्कूटरवरून अंबरनाथ एमआयडीसीत कामाला जात होती. एकदाही पडली नव्हती! सोमवारी वळणावर पडली, तर लगेच जमत नाही?

ती तरातरा खाली गेली. धाकटा सम्यक आणि शेजारची जिज्ञासा तिच्यामागे धावले.

"तुझी आई डावीकडे वळताना पडली ना?" जिज्ञासानं विचारलं. "माझी आत्यापण परवा डावीकडे वळतानाच पडली! तिनेपण हँडलला असाच दांडा बसवलाय, कॅम्प पाचमधल्या अल्पेशच्या दुकानातून."

यशोधरा थबकली. मामांनीच रविवारी हौसेनं स्कूटर त्या दुकानात नेली होती. हँडलवर आडवा दांडा, त्यावर मोबाईल होल्डर आणि जादा दिवा. दहा मिनिटांत काम उरकलं होतं!

स्कूटर मेन स्टँडवर लावली. "सम्यक, मागे बस, जोर दे!"

पुढचं चाक उचललं गेलं. यशोधरानं ते हातानं फिरवलं. हँडल उजवीकडे वळवलं, चाक गरगर फिरलं. डावीकडे वळवलं आणि चाक कचकन थांबलं!

"मी ब्रेकला हातपण नाही लावला!" यशोधरा ओरडली. दांड्याच्या क्लॅम्पखाली ब्रेकची केबल आवळली होती. हँडल डावीकडे वळलं की ती ताणायची आणि ब्रेक आपोआप लागायचा.

वर जाऊन मामांना सांगितलं, पण त्यांनी ते उडवून लावलं. "दुकानदाराला काय तुमच्यापेक्षा कमी कळतं?"

"मग चला, त्यालाच विचारू!"

स्कूटर ढकलत सगळे दुकानात पोचले. तिथं ही गर्दी! तक्रार ऐकून अल्पेश हसला. "अपना काम एकदम पक्का! लेडीज लोकांना चालवता येत नाय, त्याला मी काय करू?"

यशोधराच्या मुठी आवळल्या. पण ती गोड आवाजात म्हणाली, "काका, दारातल्या त्या तुमच्या गाडीलापण असाच दांडा आहे?"

"सेम टू सेम! कालच माझ्या हातानं बसवलाय!"

"मग दाखवा ना चाक फिरवून."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? त्यानं गाडी स्टँडवर लावली, चाक फिरवलं आणि हँडल डावीकडे वळवलं. चाक कचकन थांबलं!

"अरे, माझी गाडी बघ आधी!" गिऱ्हाइकं भडकली. अल्पेश खाली मान घालून पाना शोधायला लागला. सगळ्यांत आधी त्यानं आईच्या गाडीचा दांडा काढला.

मामांनी तिथूनच फोन करून गाडी विकायची नाही म्हणून कळवलं. मग यशोधराच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास पोरी! डोकं आहे तुला!"

"शाब्बासकी नको, मामा. चूक कोणाची होती ते आईला सांगा."

घरी मामांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. आईनं त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"बबन, उद्या तुला स्टेशनवर मी सोडते. मागे बसायचं, आणि एक शब्द बोलायचा नाही!"