पाच नंबरच्या वाट्या

सातव्या डबीचं बूड बघून झालं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की गल्ल्यामागचा माणूस घामाघूम झालाय.

"मॅडम, थंड पाणी?" त्याने विचारलं.

"नको."

"सरबत मागवू?"

"नको हो." तिने आठवी डबी उलटी केली आणि डोळे बारीक करून तिच्या बुडावरचा, प्लास्टिकची जात सांगणारा आकडा वाचला.

"पंखा मोठा करतो," तो म्हणाला. पंखा मोठाच होता. "खरं सांगू का मॅडम… पातळ पिशव्या आम्ही केव्हाच बंद केल्या. वरच्या फळीवर ते जे दिसतंय ना, ते विकायला नाहीये. ते नुसतंच… आहे."

तिने मान वर केली. पॅकिंगच्या सामानाचं ते दुकान जमिनीपासून छतापर्यंत डब्या, बरण्या, बाटल्या आणि झाकणं यांनी गच्च भरलं होतं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध हा तिशीच्या आतबाहेरचा माणूस, शिक्षा ऐकायला उभा राहिल्यासारखा.

"तुम्हाला मी कोण वाटले?"

"तपासणीला… नाही आलात?"

"मी शाळेची प्रयोगशाळा सांभाळते. परीक्षानळ्या विसळते."

तो मटकन स्टुलावर बसला आणि तिच्यासाठी भरलेला पाण्याचा ग्लास स्वतःच एका दमात संपवला. मग हसला. हसताना त्याचा उजवा गाल डाव्याच्या जरा आधी हसायचा. हे आपल्या एवढ्या चटकन का लक्षात यावं, असा प्रश्न तिला पडला आणि तिने तो बाजूला सारला.

"मला लहान वाटी हवीय," ती म्हणाली. "तळहातावर मावेल अशी. आरपार दिसायला हवं. झाकण घट्ट हवं. आणि कुकरमध्ये उकडून काढली तरी जगायला हवी."

"आणि स्वस्त," तो म्हणाला.

"ते कसं कळलं?"

"महाग हवी असती तर माझ्याकडे आला नसतात. काय ठेवणार आत?"

"ऑर्किडचं बी."

आणि मग, का कोण जाणे, तिने त्याला सगळं सांगून टाकलं. तिच्या मावशीकडे एक ऑर्किड होतं. काकांनी आणलेलं. काका आयुष्यभर मावशीला विचारून विचारून वस्तू आणायचे. न विचारता आणलेली ही एकच. काका गेले त्याला बरीच वर्षं झाली, आणि आता त्या रोपाची मुळं कुजायला लागली होती. वाचेल असं काही दिसत नव्हतं. पण जाता जाता त्याने एक शेंग धरली होती. एकच. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, मातीत टाकलं की मरतं. ते पेरावं लागतं अगरवर… समुद्रातल्या शेवाळापासून निघणाऱ्या, जेलीसारख्या थिजणाऱ्या त्या गोळ्यावर. आणि त्यात एक जरी जंतू शिरला तरी बुरशी सगळं गिळून टाकते. यासाठी काचेच्या बश्या मिळायच्या, पण तशा चाळीस घ्यायच्या तर तिला वर्षभर उपाशी प्रयोगशाळा सांभाळावी लागली असती.

त्याने फळीवरून एक पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं. "ह्या घ्या. उकळा, भाजा, आपटा. काही होणार नाही."

"नक्की?"

"माझी जबाबदारी."

संध्याकाळी कुकरचं झाकण उघडलं तेव्हा आत चाळीस वाट्या नव्हत्या. एक होती. म्हणजे गोळा एक होता, भाकरीएवढा, आणि तो कुकरच्या तळाला मिठी मारून बसला होता.

आईने कपाळाला हात लावला. बाबा चष्मा लावून डोकावले आणि म्हणाले, "शास्त्रज्ञबाई, हे उगवलंय की मेलंय?"

*

दुसऱ्या दिवशी तिने तो गोळा गल्ल्यावर ठेवला.

"तुमची जबाबदारी."

त्याने तो उचलला, उजेडात धरला, वळवून वळवून बघितला. "छान झालाय."

"मी भांडायला आलेय."

"मग बसून भांडा ना. उभ्याने दम लागतो." त्याने स्टूल पुढे सरकवलं. ती बसली नाही. "बरं, चुकलं माझं. दहा वर्षं मी हे विकतोय, पण या सगळ्याचं पुढे काय होतं, ते मला कुणी येऊन सांगितलंच नाही कधी. माणसं डबा नेतात आणि जातात. तुम्ही पहिल्याच परत आलात."

आता यावर भांडायचं कसं? ती स्टुलावर बसली.

"तीन दिवस द्या," तो म्हणाला. "दुकानातली प्रत्येक जात मी स्वतः उकडून बघतो."

तिसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीत, तो शाळेच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. हातात ट्रे, ट्रेमध्ये ओळीने मांडलेल्या सव्वीस डब्या, प्रत्येकीला चिठ्ठी. काही वाकल्या होत्या, काही दुधाळ झाल्या होत्या, एक तर आतून बाहेर उलटली होती. चिठ्ठ्यांवर बारीक अक्षरात शेरे होते: 'दोन शिट्ट्यांत कोसळली.' 'झाकण उडालं, आई ओरडली.' 'ही चांगली वाटली पण दुसऱ्या दिवशी रडली.'

"रडली म्हणजे?"

"तडा गेला. तडा लिहायला जीव झाला नाही."

ती हसली. खळखळून हसली, आणि मागच्या बाकावर जेवणाऱ्या शिक्षकांनी माना वळवल्या.

"आणि ही," त्याने शेवटची वाटी अलगद तिच्या तळहातावर ठेवली. चटणी-सॉससाठी हॉटेलवाले वापरतात तसली, जेमतेम दोन घोट मावतील एवढी. "बुडावर पाच नंबर. झाकण सैल ठेवलं तर तीनदा उकडूनही जशीच्या तशी. शंभराचं पाकीट येतं, आणि दुकानातली सगळ्यात स्वस्त वाटी हीच. मी हिला आजवर कधी नीट बघितलंच नव्हतं."

हे म्हणताना तो वाटीकडे बघत नव्हता.

"तुमच्या आईंनी काही म्हटलं नाही? कुकरचं?" तिने घाईघाईने विचारलं.

"म्हटलं ना. ज्या मुलीसाठी माझा कुकर बिघडवलास, तिलाच आता स्वयंपाकाला बोलाव म्हणाली."

"मला स्वयंपाक येत नाही."

"ते मी सांगितलं. म्हटलं, तिने उकडलेलं मी बघितलंय."

*

तिने अगर शिजवलं, त्यात साखर, खतं आणि कुस्करलेलं केळं घातलं, चाळीस वाट्यांत ओतलं, उकडलं आणि थिजायला फ्रिजमध्ये ठेवलं. शाळेतून परत आली तेव्हा चौतीस उरल्या होत्या.

"गोड जरा कमी आहे," बाबा ओठ पुसत म्हणाले. "पण नवीन काहीतरी केलंस, बरं वाटलं."

"बाबा! ते रोपांचं खाणं आहे!"

बाबांनी हातातला चमचा खाली ठेवला. थोडा विचार केला. "मग रोपं आपल्यापेक्षा बरं खातात," म्हणाले.

आणि त्याच वेळी खालच्या मजल्यावरून मावशीची हाक आली. "अगं ए… शेंग पिवळी पडलीय बघ टोकाला!"

शेंग फुटायच्या आत पेरायला हवं होतं. एकदा फुटली की धूळ हवेवर जाणार आणि हवेतले जंतू धुळीवर. तिने दुकानात फोन लावला. "शेंग आजच कापावी लागतेय, आणि माझ्याकडे हात दोनच आहेत," एवढंच ती म्हणाली. वीस मिनिटांत तो भरदुपारी दुकानाचं शटर ओढून दारात हजर. डोक्यावर तिने जंतू अडवायला सांगून ठेवलेला, गादीएवढा पारदर्शक प्लास्टिकचा खोका, त्याला समोरून हात घालायला चार गोल भोकं पाडलेली.

"दोनच हवी होती," ती म्हणाली.

"तुम्ही एकट्याने करणार होतात?"

जेवणाच्या टेबलावर खोका मांडला. आत स्पिरिट फवारलं. शेंग ब्लीचमध्ये बुडवून धुतली. दोघांनी कोपरापर्यंत हात घासले, तोंडाला फडकी बांधली.

"आता एक नियम," ती म्हणाली. "काम संपेपर्यंत बोलायचं नाही. श्वासातून जंतू जातात."

"अजिबात नाही?"

"हूं की चूं नाही."

"मॅडम, मी लहानपणी झोपेतसुद्धा—"

तिने बोट ओठांवर ठेवलं. फडक्यावरच.

एका खोक्यात चार हात. तो वाटीचं झाकण बोटभर उचलायचा, ती चिमट्याने चिमूटभर पिवळसर धूळ आत भुरभुरायची, तो झाकण मिटायचा. पुढची. पुन्हा पुढची. खोका मोठा होता, पण एवढाही मोठा नव्हता. मनगटं एकमेकांना लागत होती. दर वेळी दोघंही जरा थबकत… आणि मग पुढची वाटी. दहाव्या वाटीला तिने नजर उचलली तर तो तिच्याकडेच बघत होता. फडक्यावर फक्त डोळे, आणि डोळ्यांत दिवसभराचं बोलणं तुंबलेलं. तिने भुवई उंचावली: काय? त्याने मान हलवली: काही नाही. मग पुन्हा हलवली, वेगळी: काही नाही असं नाही. बाराव्या वाटीत दुप्पट बी पडलं.

तिसावी झाली आणि त्याला शिंक आली.

त्याने डोळे गच्च मिटले, चेहरा लाल, मान मागे, हात मात्र खोक्यात तसेच स्थिर, बोटांत झाकण. तिने श्वास रोखला. शिंक आली तशी गेली. त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. तिचे दोन्ही हात आत अडकलेले, पुसणार कशी? मग ती जराशी वाकली आणि आपल्या खांद्याच्या बाहीने तिने ते टिपलं.

उरलेल्या चार वाट्या कशा पेरल्या, ते दोघांपैकी कुणालाच नंतर आठवलं नाही.

*

नंतर काम एकच होतं, वाट बघण्याचं. तो रोज दुकान उघडण्याआधी 'वाट्या बघायला' येऊ लागला. मावशी त्याला झाकणराव म्हणू लागली. आठवड्यात पहिली वाटी करड्या बुरशीने भरली. मग तीन. मग एका सकाळी एकदम अकरा. पुढेही एकेक जातच राहिली. प्रत्येक वेळी ती बुरशी धरलेली वाटी उचलायची आणि झाकण न उघडता बाहेर नेऊन टाकायची.

सहाव्या आठवड्यात मावशीच्या कुंडीतलं रोप गेलं. मावशीने स्वतःच ते उपटलं, कागदात गुंडाळलं आणि रिकामी कुंडी धुऊन पालथी घातली. "झालं," एवढंच म्हणाली.

त्या सकाळी तो आला तेव्हा ती फळीसमोर जमिनीवर बसली होती. पाच वाट्या उरल्या होत्या, आणि पाचही कोऱ्या.

"मी तिला उगीच आशा लावली," ती म्हणाली. "नसतं केलं तर निदान…"

तो तिच्या शेजारी बसला. म्हणाला, "नसतं केलं तर आपण भेटलो नसतो. हे माझ्या बाजूने बोलतोय मी. तुझ्या बाजूने काय बोलावं, मला कळत नाही."

'तू' कधी आलं, ते त्याच्याही लक्षात आलं नसावं. तिच्या आलं. तिने काही दुरुस्त केलं नाही. तशीच बसून राहिली, त्याच्या खांद्याला खांदा लावून.

पुढच्या सोमवारी त्याने वाट्या खिडकीशी नेऊन एकेक उजेडात धरल्या, आणि चौथीला थांबला.

"ए… इकडे ये. हा डाग बघ. हा हिरवा आहे ना? की माझ्या डोळ्यांत काही गेलंय?"

तिने शाळेतून आणलेलं भिंग लावलं. डाग नव्हता. मोहरीच्या निम्म्याएवढे हिरवे मणी होते. सात. नाही, नऊ. पाचवीत आणखी. ती मोजत राहिली आणि मध्येच चुकली, कारण भिंग धुकट झालं होतं.

दोघं धावतच खाली गेले. मावशी भाजी निवडत होती. तिने हात पुसले, वाटी घेतली, भिंगातून एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

"हे?"

"हे, मावशी."

मावशीचं बोट झाकणावरून एकदा हळूच फिरलं. "न विचारताच आले," ती स्वतःशीच म्हणाली. मग लगेच घसा खाकरला. "फुलं कधी?"

तिने बोटांवर मोजलं. "पाच वर्षं… कदाचित सहा. दर काही महिन्यांनी नव्या वाट्यांत हलवायची, मग शेवाळात, मग कुंडीत…"

"सहा वर्षं!" मावशी म्हणाली. "तेवढं मला थांबावंच लागेल मग. नाइलाज आहे."

"मीही थांबतो," तो म्हणाला.

तिने वळून बघितलं. आज त्याचा उजवा गाल हसत नव्हता आणि डावाही.

"वाट्या लागतील ना सहा वर्षं," तो म्हणाला. "म्हणजे रोज यावं लागेल. आणि सहा वर्षं रोज आलो तर लोक विचारतील, हा कोण… तर मी काय सांगू, ते तू ठरव. मी बरेच दिवस ठरवून बसलोय. पेरणीच्या दिवशी सांगणार होतो, तर तू बोलूच दिलं नाहीस."

तिच्या कानांपर्यंत ऊब चढली. "रोज येण्याची काही गरज नाही," ती खाली बघत म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "बरं," तो म्हणाला.

"रोजचं येणं-जाणं कशाला… त्यापेक्षा एकदाच काय ते…" पुढचं ती इतकं हळू बोलली की फक्त वाटीतल्या मण्यांनी ऐकलं असेल.

"मोठ्याने बोल," मावशी म्हणाली. "ऐन मोक्याला काय पुटपुटतेस?"

"लग्न करूया म्हणतेय!" ती ओरडली.

वरच्या मजल्यावर काहीतरी भांडं पडलं. जिन्यात आई-बाबांची पावलं वाजली. तो मात्र जागचा हललाच नाही. भिंगही हातात, तोंडही उघडं.

"अहो झाकणराव," मावशी म्हणाली, "तिने विचारलंय. कधी, ते तरी सांगा."

"मंगळवारी," तो कसाबसा म्हणाला, "दुकान बंद असतं."