भिंतीच्या कडेचं पाणी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या.

पण खाली कुणी ‘छान रचलंय’ असं लिहू नका. माझं डोकं फिरतं. हे माझ्यासोबत घडलंय. गेल्या वर्षी, भर दुपारी तीन वाजता, आमच्या जुन्या धक्क्यावर. दोन माणसांच्या देखत.

माझी आत्या समुद्रात पोहायला शिकवायची. चाळीस वर्षं. तिला लग्नाचं विचारलं की म्हणायची, “आधी त्याला पोहता येतं का ते विचारा.” मला चौथ्या वर्षी तिनेच पाण्यात उतरवलं. माझा नवरा गेला तेव्हा मी कुणाशी बोलत नव्हते. ती रोज यायची, दंडाला धरून समुद्रावर न्यायची. “रडायचंय? पोहता पोहता रड. कुणाला कळत नाही.”

सहा वर्षांपूर्वी बंदराच्या ऑफिसने धक्क्याशेजारी दगडी भिंत बांधली. आठवड्याभरात आत्या म्हणाली, “पाणी बदललं गं. भिंतीच्या कडेने आत ओढतंय.”

तिने तीन अर्ज दिले. फलक लावा, दोर बांधा. इंजिनिअर साहेब हसले. “आजी, आता घरी बसा.”

मग एका दुपारी दोन बहिणी त्या ओढीत सापडल्या.

आत्या एकाहत्तर वर्षांची होती. अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली. दोघींना एकेक करून दगडांपर्यंत ढकललं.

स्वतः आली नाही.

दुसऱ्या दिवशी सापडली. दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या. कुणाला उघडता आल्या नाहीत.

आणि साहेबांनी अहवालात काय लिहिलं? ‘वृद्धेचा फाजील आत्मविश्वास.’

अकरा महिने मी त्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. भांडले, ओरडले. शेवटी साहेब पाहणीला आले. ते, त्यांचा कारकून आणि मी. तिघंच.

पाणी अगदी सपाट होतं.

“कुठे आहे ओढ? दाखवा ना,” साहेब म्हणाले. चक्क हसत.

“दाखवते,” म्हटलं. चपला काढल्या आणि उडी मारली.

हो, मूर्खपणा होता. पण तो हसला होता.

दहा हात गेले असेन. भिंतीच्या कडेला पाण्याने मला पकडलं. मी घाबरले नाही. ओढीशी झुंजायचं नसतं, आडवं निघायचं असतं, एवढं मला झोपेतही कळतं. मी वळले...

आणि आवाज बंद झाले.

पक्षी नाही. लाट नाही. साहेबांचं बोलणं नाही. कान भरून आल्यासारखं.

मग मागून आवाज आला...

छप्... छपाक्.

छप्... छपाक्.

एक हात हलका, एक जड. आत्याचा उजवा हात एकदा मोडला होता. तो नीट सरळ होत नसे. हजार जण पोहत असते तरी मी तो आवाज ओळखला असता.

छप्... छपाक्...

थांबला. अगदी पाठीशी.

खांद्यांना काहीतरी गार लागलं...

पुढचं धड आठवत नाही. नाकातोंडात पाणी. अंधार. आपण काहीतरी जोरात ओरडलो, एवढं आठवतं. मग दगड हाताला लागले आणि कारकुनाने मला वर खेचलं.

त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“त्या दुसऱ्या बाई कुठे गेल्या?”

“कुणी नव्हतं,” साहेब म्हणाले. पटकन. कुणी विचारायच्या आतच जणू उत्तर तयार होतं. मागे न बघता गाडीत जाऊन बसले.

चौथ्या दिवशी फलक लागला. दोरही बांधला.

मी सगळ्यांना सांगत सुटले, आत्याने मला वाचवलं. सांगताना रडायचेसुद्धा. बरं वाटायचं.

चार महिन्यांनी साहेबांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

“मी खोटं बोललो. मी पाहिलं होतं त्यांना.”

“मग अहवालात लिहा!” मी ओरडले.

“ऐकून घ्या... त्या तुम्हाला वर धरत नव्हत्या.”

मी फोन कानाशी घट्ट धरला.

“दोन्ही हात तुमच्या खांद्यांवर होते. खाली दाबत होत्या. दोनदा गेलात तुम्ही खाली. तिसऱ्यांदा वर आलात तेव्हा ओरडलात, ‘आत्या, मी आहे गं!’ तेव्हा... सोडलं.”

मी फोन आपटला. खोटारडा माणूस. आत्यावर असलं काही बोलायला जीभ कशी रेटते?

पण रात्री कपडे बदलताना हात आपोआप खांद्यांवर गेले. उडी मारली त्या आठवड्यात तिथे निळे डाग होते. मी म्हणत होते, दगड लागले असतील.

दोन्ही खांद्यांना? सारखेच?

जन्मभर लोकांना पाण्यातून बाहेर काढणारी बाई. इतका राग आला असेल तिला?

आता मी रोज दुपारी धक्क्यावर जाते. दोर ओलांडणाऱ्यांवर ओरडते. लोक वेडी म्हणतात. म्हणू देत.

परवा एक बाप दोन मुलींना घेऊन भिंतीच्या कडेने उतरत होता.

“काकू, कशाला ओरडताय? पाणी किती शांत आहे बघा.”

मी बघितलं. खरंच शांत होतं. पक्ष्यांचाही आवाज नव्हता...

त्याची कॉलर धरली आणि मुलींसकट वर ओढला. त्याने मला नको नको ते ऐकवलं.

मी पाण्याकडेच बघत होते.