पाटावरची बाराबोर

दसऱ्याच्या सकाळी, चहा उकळायच्या आत कुणी दारात येऊन रडगाणं लावलं तर कुणाचंही डोकं फिरेल. भाऊसोचं तर ते एरवीही फिरलेलंच असायचं. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर निवांत बसावं, तर मावसबहीण संयोगितानं त्याला आपल्या गाडीवर घेतलं. ही बया सांगलीत खासगी तपासाची कामं घ्यायची, आणि तिच्या कामाला ना सण ना वार.

आलेला म्हातारा आत या म्हटलं तरी येईना. पायरीवरच फतकल मारून बसला. नानासो त्याचं नाव, इस्लामपूरच्या अलीकडं उसाच्या रानात वस्ती.

"ताई, माझ्या सुनंला आज पोलीस न्हेनार. दुपारी फौजदार येनार हाय. आन् ती तोंडातनं हूं की चूं काढंना!"

"नीट पहिल्यापासून सांगा," संयोगिता म्हणाली.

पहिल्यापासून म्हणजे फार लांबून निघालं, पण मतलब एवढा: मुलगा फौजेत. सून समीक्षा कॉलेजात असताना नेमबाजीची बक्षिसं मिळवलेली. रानातल्या वस्त्यांवर चोऱ्या वाढल्या, घरोघरचे गडी सीमेवर. तेव्हा तिनं रिकाम्या गोठ्यात बायकांना बंदूक शिकवायचा वर्ग काढला. सरावाला छऱ्याच्या बंदुका. नानासोंची परवान्याची बाराबोर बंदूक कशी धरायची, तेवढं ते स्वतः उभे राहून दाखवायचे.

"काल खंडेनवमी. सकाळी बंदूक, कोयतं, खुरपी पाटावर मांडली, पूजा केली, नारळ ठेवला. एकदा पूजली की दसऱ्यापतूर हत्याराला हात लावायचा न्हाई. मी भनीकडं मलकापूरला गेलो, आन् मागं ह्यो दंगा! शेजारच्या बाळासोच्या जीपची मागली काच उडाली. पोलिसांनी पाटावरची बंदूक उघडली, तर आत उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी. सून एवढंच म्हंती, आत्ती देवळात गेल्त्या, घरात मी एकटी हुते. म्हंत्यात, वर्ग बंद, परवाना रद्द, सून आत!"

गाडीत बसल्याबसल्या भाऊसोनं निकाल देऊन टाकला. "सूनच. बंदूक तिला येते, घरात तीच होती. चल परत. घरी पुरणाचं जेवण आहे."

"दादा, गप गाडी चालव."

वस्तीवर सोप्यात पूजा तशीच होती. बंदूक पोलिसांनी नेलेली. तिच्या जागी झेंडूची चुरगळलेली माळ, बाजूला छऱ्याच्या बंदुका आणि कोयते, पुढ्यात शेजारी शेजारी दोन नारळ. नानासोंची बायको धोंडुबाई चहा घेऊन आली. डाव्या हातात कपबशी, तीही लटपटती. निम्मा चहा भाऊसोच्या नव्या पँटीवर सांडला.

"आवं, जरा बघून!"

"आंग अवघडलंय बाबा," म्हातारी पुटपुटली आणि आत गेली.

आतून नानासोंचा आवाज आला. "आगं, देवीच्या ओटीचा नारळ कुठं ठिवला? फडताळात न्हाई. आता सणाच्या दिशी कुठनं आनू?" आत भांड्यांचा आवाज तेवढा वाढला. 

समीक्षा समोर येऊन बसली. तिशीची, ताठ, डोळ्यांखाली जागरण.

"बंदूक तुम्ही उडवली?" संयोगितानं विचारलं.

"मी घरात होते."

"ते नाही विचारलं मी."

"मी घरात होते. लिहा माझंच नाव आणि मोकळे व्हा."

भाऊसोला वाटलं, आपलंच कपाळ भिंतीवर आपटावं. सांगलीपासून आपण आलो ते हिला वाचवायला, आणि ही निघाली मोकळे व्हा म्हणायला!

तेवढ्यात बांधावरून एक बाई तरातरा आली. बाळासोचीच बायको, क्रांती. वर्गातली पहिली विद्यार्थिनी.

"न्हवरा दारू पिऊन हात उचलायचा माझ्यावर," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "परवा म्या त्याचा हात धरला. तवापसनं ह्या गोठ्यावर डूख धरून हाय. पेटवून देतो म्हनायचा."

"म्हणजे राग तुम्हालाही होता."

"व्हय तर! पन काल मी हिरीवर धुनं धूत हुते, बायका हुत्या संगं. इचारा त्यांस्नी."

"वर्गात काय शिकवतात?"

"आमाला झोपंत बी पाठ हाय. दस्ता खांद्यात घट्ट दाबायचा, न्हाईतर बाराबोर खांदा सुजवती. आन् बार झाला की उघडायची, पुंगळी काढायची, बघायचं, मगच खाली ठेवायची. इसरलं की समीक्षाताई सगळ्यांदेखत झाडती."

संयोगिता गोठ्याकडं निघाली. भाऊसो मागं, तोंड वाकडं करून. गोठा झाडून लख्ख. दाराला झेंडूचं तोरण अर्धंच बांधलेलं. उरलेली निम्मी माळ खाली, दोऱ्याला सुई तशीच लोंबत, फुलं फक्त थोडी मलूल. गोठ्याच्या मागल्या बाजूसमोर, हाकेच्या अंतरावर, स्वयंपाकघराची खिडकी.

त्या बाजूच्या भिंतीला उसाचं वाळलेलं पाचट रचलं होतं. भाऊसोनं तिथं पाय टाकला आणि बोंबलला. चपलेत काच घुसली होती. बारीक, चौकोनी तुकडे पाचटात पसरले होते. शिव्या घालत त्यानं काच उपटली, बोटं नाकाशी नेली आणि आणखी चिडला.

"डिझेल! आपली गाडी गळतेय वाटतं. हा आणि एक खर्च!"

"गाडी तिकडं रस्त्यावर आहे, दादा."

"मग काय चप्पल गळतीय माझी?"

संयोगिता हसली, आणि बाळासोच्या घराकडं वळली. बाळासो ओट्यावर दाढी करत होता.

"रस्त्यानं चाललो हुतो. धाड्दिशी बार झाला, मागली काच फुटली. मरता मरता वाचलो," तो म्हणाला. "त्या बाईला आत घालाच."

"रस्त्यावरच होतात ना? गोठ्याकडं वळला नव्हता?"

"किती येळा सांगू? रस्त्यावर!"

दुपारी फौजदार आले. सोप्यात सगळे जमले. बाळासो तर दाराच्या मोक्याच्या जागी उभा. संयोगिता उभी राहिली.

"साहेब, समीक्षानं बार काढला असता तर पुंगळी बंदुकीत सापडली नसती. ती काढल्याशिवाय बंदूक खाली ठेवू नका, असं ती सगळ्यांना दटावते. क्रांतीचंही तेच. म्हणजे बंदूक उडवणारं माणूस वर्गात न बसलेलं आहे."

"मग बाहेरचा कुणीतरी," फौजदार म्हणाले.

"बाहेरचा पळाला असता. या माणसानं बंदूक पुन्हा पाटावर ठेवली, आणि पुढ्यात आणखी एक नारळ ठेवला. नानासो, तुम्ही किती ठेवले?"

"एकच." नानासोंची नजर पाटावर गेली. "आरं तिच्या! ह्यो तर ओटीचा नारळ!"

"पूजलेलं हत्यार दसऱ्याआधी उचललं. पूजा मोडली, म्हणून देवाची माफी मागितली. हे घरातलंच माणूस करणार. आणि ज्याला दस्ता दाबून धरता येत नाही, त्याचा खांदा सुजणार. मग चहा डाव्या हातानं आणावा लागतो."

सगळ्यांच्या माना धोंडुबाईकडं वळल्या. भाऊसोनं पँटीवरच्या डागाकडं पाहिलं. आपल्या अंगावर पुरावा सांडला आणि आपण पँटीचं रडत बसलो, याचा त्याला मनस्वी राग आला.

"ताई, पुरे!" समीक्षा ओरडली. "मीच उडवली. लिहा साहेब!"

"तुम्ही घरात नव्हताच," संयोगिता म्हणाली. "खंडेनवमीचं तोरण बांधत गोठ्यात होता. सुई दोऱ्यालाच राहिली, कारण बार ऐकून तुम्ही धावलात. आणि बाळासो, तुमची काच रस्त्यावर नाही, गोठ्यामागं पाचटात पडलीय. पाचटाला डिझेलचा वास आहे. जीप मागं घेऊन तिथं काय करत होता? गोठा रिकामा आहे असं वाटलं ना?"

 बाळासो समीक्षाकडं बघायला लागला. "आत... आत कुनी हाय हे मला ठावं नव्हतं," त्याच्या तोंडून निसटलं. फौजदारांनी बरोबरच्या शिपायाला खूण केली, तसा तो दार अडवून उभा राहिला.

धोंडुबाई पुढं आली. 

"लिवा सायेब. म्या उडवली. खिडकीतनं बगितलं, तर ह्यो पाचटावर क्यान वतत हुता आन् माझी सून आत. वरडले, जीप चालू हुती, त्याला ऐकू जाईना. काडी खिशातनं काढली त्येनं. मग म्या काय करनार? ह्यांच्या फडताळातलं काडतूस बंदुकीत घातलं आन् खिडकीतनं बार काढला. कालच सांगत हुते, तर हिनं मला माझ्या पोराची शपत घातली! म्हनली, आत्ती, तुमी या वयात कोठडीत जायचं न्हाई, मी जाते."

"मग काय करू?" समीक्षा रडत रडतच भांडायला लागली. "बीपीच्या गोळ्या वेळेवर घेत न्हाई तुमी, तिथं कोण देणार तुमाला?"

नानासो उठून गोळ्यांची डबी शोधायला लागले.

"जीव जात असताना वाचवलंय," संयोगिता फौजदारांना म्हणाली. "कायदा त्याला काय म्हणतो ते तुम्हाला मी सांगायला नको."

 फौजदारांनी पेन काढलं. "आजी, जबाब द्यावा लागेल. पण काचेवर एवढा अचूक नेम? कुणी शिकवला?"

"कुनी शिकवलाय!" म्हातारी उसळली. "सून घसा कोरडा करून म्हनत हुती, आत्ती शिका, आत्ती शिका. म्या म्हनले, बाईमानसाला कशाला नसती थेरं! काचंवर कुनी धरली हुती? टायरवर धरली हुती म्या! इतभर हिकडं आली आसती, तर ह्यो बाळ्या आज तिरडीवर आसता. आन् तुमी म्हंता वर्ग बंद करा!"