गुलोला कोण टांगणार

वेनिंग परक्याच्या भिंतीवर पाय सोडून बसली होती, एका हातात पपईची फोड होती, आणि खालून कुणीतरी अगदी शांतपणे विचारलं, “उतरताय, की शिडी आणू?”

तिनं खाली पाहिलंच नाही. समोरच्या पपईच्या झाडावर गुलो बसला होता, आणि आपली नजर हलली की तो उडेल अशी तिला धास्ती होती. सकाळी अंघोळ घालताना पिंजऱ्याचं दार नीट लागलं नव्हतं, आणि हे महाशय दोन गल्ल्या ओलांडून इथं मेजवानी झोडायला आले होते. पाऊस नुकताच थांबला होता, पानापानांतून पाणी टपकत होतं, आणि गुलो लालसर गरात चोच बुडवून मान वर करून सावकाश गिळत होता... सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा.

“स्वतःची पपई घेऊन चोरीला येणारा चोर मी पहिल्यांदाच पाहतोय,” खालचा आवाज म्हणाला.

“चोरी तो करतोय. मी त्याला घरी न्यायला आलेय.”

“मग फोड चुकली तुमची, म्बाक,” जावात अनोळखी तरुणीला म्हणतात तसं तो म्हणाला. “तो खातोय ती झाडावर पिकलेली. तुमच्या हातातली बाजारातली, तीही शिळी. कशाला येईल तो?”

आता मात्र तिनं खाली पाहिलं. गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावर ओले केस, आणि हसू दाबून ठेवल्यामुळे जरा जास्तच गंभीर झालेला चेहरा. त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून तर तिला त्याचा राग आला. त्यानं शेजारच्या झाडाची एक पपई काढली, चिरली आणि फोड वर धरली. ती घेताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली, दोघांचीही चिकट होती, आणि दोघांनीही हात काढून घ्यायला जरा वेळच लावला. तेवढ्यात गुलो आला आणि तिच्या मनगटावर बसून निवांत खाऊ लागला.

“नाव काय याचं?”

“गुलो. म्हणजे साखर.”

“मी तुमचं विचारणार होतो... पण चालेल, एकेक करून विचारतो,” तो म्हणाला.

त्याचं नाव दामर. क्लातेन गावाच्या कडेला त्याची पपईची बाग होती, आणि व्हरांड्यात बांगो नावाचा पक्षी होता, गुलोच्याच जातीचा: चुचाक रावा, बुलबुलाचा थोरला भाऊ शोभेल असा, पेंढ्याच्या रंगाच्या डोक्याचा आणि मडक्यातून पाणी ओतल्यासारखं गाणारा. तेव्हापासून वेनिंगच्या घरी बाजारातली पपई येणं बंद झालं. सकाळी दंवात पिंजरे बाहेर टांगावेत, मग अंघोळ, मग कोवळं ऊन, मग फळं, हा जावाभरच्या पक्षीवाल्यांचा नेम, आणि या दोघांचं ऊन हळूहळू एकाच अंगणात पडू लागलं. जास्त पिकलेलं केळं द्यावं की नाही, यावर ती दोघं भांडत. तो म्हणे, पोट सुटतं. ती म्हणे, तुमच्या बांगोचं सुटत असेल, आमच्याकडे वळण आहे. भांडण संपू नये याची काळजी दोघंही सारखीच घेत होती. वेनिंगची आई आतून सगळं ऐकायची आणि चहात साखर घालायला विसरायची.

गुलो वेनिंगच्या बापाचा. गेली सहा वर्षं तो गावच्या स्पर्धेत गात आला होता, आणि मांडवातल्या उंच आकड्याला त्याचा पिंजरा टांगायचा तो बापानं. या स्पर्धेची रीत अशी की, ज्याच्या हातानं पिंजरा आकड्याला चढतो, पक्षी त्याचा. त्यात कुणी विचारत नाही, कुणी भांडत नाही. गेल्या साली बाप वारला, आणि घरात उरल्या दोघी बायका.

वेनिंगचे पाकडे, म्हणजे बापाचे थोरले भाऊ, सस्त्रो चहाला आले. घर, बायको, घोडा, कट्यार आणि पक्षी या पाच गोष्टींवाचून पुरुष पुरा होत नाही, ही जुनी समजूत त्यांनी वडीलकीच्या सुरात बोलून दाखवली. घोड्याच्या जागी आता मोटरसायकल आली होती, कट्यार कपाटात होती, आणि पक्षी मात्र, म्हणे, बाईच्या घरात पडून होता. बाईच्या हातानं टांगलेला नर गात नाही, हेही त्यांनी सांगितलं. तेव्हा या रविवारच्या स्पर्धेत गुलोला तेच टांगणार. वेनिंगला फारच वाटत असेल तर तिनं त्याआधी लग्न करावं आणि नवऱ्याच्या हातानं टांगावं, त्यांची हरकत नाही.

वेनिंगनं त्यांचा कप उचलला. त्यात अजून अर्धा चहा होता.

बाप दवाखान्यात होता तेव्हा गुलोची फळं कोण चिरत होतं? त्याची पिसं झडली तेव्हा पिंजऱ्यावर कापड टाकून, त्याला गार वारा लागू नये म्हणून उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून कोण बसलं होतं? हे सगळं ती पाकडेंना बोलली नाही, दामरला बोलली. बोलता बोलता तिचे डोळे भरले, आणि ते त्याला दिसले याचाही तिला राग आला.

दामरनं पपईच्या बिया बोटानं बाजूला केल्या. मग म्हणाला, “मी... शुक्रवारी आईला घेऊन येऊ का? राजा केळ्यांची जोड घेऊन?”

राजा केळ्यांच्या दोन फण्या ताटात घालून मुलाकडची माणसं ज्या घरी जातात, तिथं ती कशासाठी गेली हे सांगावं लागत नाही. वेनिंगला ती केळी न खाताच गोड लागली. ती ‘या’ म्हणणारच होती, इतक्यात तो पुढे बोलून गेला.

“म्हणजे रविवारी गुलोला मी टांगीन. मग पाकडेंना बोलायला जागाच राहणार नाही.”

गोडवा जागच्या जागी विरला.

“म्हणजे पाकडेंच्या हातातून तुमच्या हातात.”

“तसं नाही गं, पक्षी तुझाच—”

“आकड्याला तुमच्या हातानं चढला की तुमचा. रीत तुम्हालाही माहीत आहे.” ती उठली. “मला नवरा करायचा असेल तेव्हा मी नवऱ्यासाठी करीन, पिंजरा टांगायला नाही. केळी आणू नका. आणलीत तर बांगोला चारा.”

तो गेला. खरं सांगायचं तर तिला त्याला परत हाक मारायची होती, आणि तिनं मारली नाही. आठवडाभर तिचं अंगण सुनं राहिलं. त्यात गुलोचं काहीतरी बिनसलं. तो फळाला तोंड लावीना, पिसं फुगवून तळाशी बसे, पिंजऱ्यावरच्या कापडाचे धागे उपसून कोपऱ्यात ढकले. बापाची एकच खूण उरलीय, तीही हातची जाते की काय, या भीतीनं वेनिंगचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. दामरला बोलवावं असं रोज वाटे, आणि रोज ती मन मारून बसे. फाटकाशी मात्र रोज सकाळी झाडावर पिकलेली एक पपई ठेवलेली असायची. ठेवणारा हाक न मारता जायचा. तिनं ती एकदाही परत पाठवली नाही, एवढं म्हणता येईल.

रविवारी पहाटे तिनं कापड उचललं. गुलो दांडीवर चढून बसला होता, डोळे स्वच्छ, आणि पपईची अर्धी फोड फस्त झालेली. तळाशी, उपसलेल्या धाग्यांत, एक अंडं होतं. फिकट गुलाबी, वर तांबडे ठिपके.

वेनिंगनं आधी अंड्याकडे पाहिलं, मग गुलोकडे. या जातीत नर आणि मादी दिसायला सारखेच, गातातही दोघं. सहा वर्षं सगळ्या गावानं ज्याला मर्दाचा गळा म्हणून नावाजलं, त्याच्या पिसांखाली काय आहे हे कुणीच विचारलं नव्हतं. ती जमिनीवर बसून इतकी हसली की आई काय झालं म्हणून धावत आली, आणि आली तेव्हा पोरगी रडत होती.

मैदानावर गर्दी जमली होती. पाकडे इस्त्रीच्या बाटिक शर्टात मांडवाच्या तोंडाशीच उभे होते, आणि त्यांनी पिंजऱ्यासाठी हात पुढे केला. वेनिंगनं पिंजरा दिला नाही.

“पोरी, सगळ्यांसमोर शोभा करू नकोस. बाईच्या हातानं टांगलेला नर गात नाही.”

“खरं आहे, पाकडे. म्हणून तर मी टांगतेय.”

तिनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि तळहातावरचं अंडं सगळ्यांना दिसेल असं धरलं. जवळच्यांनी पाहिलं, मागच्यांनी पुढच्यांना विचारलं. मग एकेका पुरुषानं गुपचूप मान वळवून आपापल्या पिंजऱ्याकडे पाहिलं. इतक्या संशयानं त्यांनी आपल्या पक्ष्यांकडे आजवर कधी पाहिलं नसेल.

पंचांचे प्रमुख पाक विर्यो चष्मा सावरत पुढे आले. “हे याच पिंजऱ्यातलं कशावरून?”

“मी तर घातलेलं नाही,” वेनिंग म्हणाली.

म्हातारा आधी खोकला, मग हसला, आणि मग सगळं मैदान हसायला लागलं. पाकडे मात्र अजून वाटेतच उभे होते. ते म्हणाले की मादी तर मादी, पण पक्षी आपल्या भावाचा आहे.

“बाबांचा होता,” वेनिंग म्हणाली. तिनं आवाज खाली येऊ दिला नाही. “त्यांच्यानंतर हिला अंघोळ मी घातली, भरवलं मी, हिच्यासाठी जागले मी. गाते ती बाई, पाळते ती बाई. मग टांगायलाच तेवढा पुरुष का लागतो, हे मला कुणीतरी समजावून सांगा. समजलं तर पिंजरा देते.”

पाक विर्योंनी पाकडेंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना हलकेच बाजूला घेतलं.

पण आकडा उंच होता, पुरुषांच्या हाताच्या मापानं बसवलेला. वेनिंग टाचा उंचावून उभी राहिली, तरी पोहोचेना. गर्दीतून दामर पुढे आला, आणि सगळ्यांना वाटलं, आता हा पिंजरा घेणार. तिलाही वाटलं. तिनं कडी घट्ट धरली.

त्यानं पिंजऱ्याला हातही लावला नाही. आपलं पपईचं लाकडी खोकं तिच्या पायाशी पालथं घातलं, ते डगमगत नाही ना हे एकदा दाबून पाहिलं, आणि चार पावलं मागे जाऊन उभा राहिला.

ती चढली. पिंजरा टांगला. त्या क्षणी तिला तो इतका आवडला की वर आकड्याकडे पाहत राहणंच तिला सोयीचं वाटलं.

गुलो गायली नाही. घंटा झाली, बाकीचे पक्षी ओरडून थकले, आणि ही बाई पंख साफ करत बसली. पाकडेंच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. मग पलीकडच्या आकड्यावरून बांगोनं गळा उघडला, आणि त्याचा सूर संपतो न संपतो तिथून गुलोनं तो उचलला. मग त्यानं, मग तिनं. कुणाचा सूर कुठं संपतो ते पंचांना लागेना. स्पर्धा एकट्याच्या गाण्याची होती, त्यामुळे पाक विर्योंनी दोन्ही पिंजरे बाद केले, आणि बाद केल्यावरही खाली मात्र उतरवू दिले नाहीत.

“हरलो,” दामर तिच्याशेजारी येऊन म्हणाला.

“हो.”

“त्या दिवशी मी चुकलो, वेनिंग. तुला हात हवा होता, आणि मी हक्काचं बोललो.”

“हात नको होता. खोकं हवं होतं.” ती हसली. “उशिरा का होईना, आणलंत.”

“मग आता... शुक्रवारी केळी आणू?”

“नको.”

त्याचा चेहरा पडला, आणि तिनं त्याला जरा वेळ तसाच पडू दिला. आठवडाभराचा हिशेब होता तो.

शुक्रवारी भर दुपारी, सगळी गल्ली ओट्यांवर बसलेली असताना, वेनिंग आणि तिची आई दामरच्या दारात उभ्या राहिल्या. वेनिंगच्या हातात ताट होतं, ताटात राजा केळ्यांच्या दोन फण्या. दामरच्या आईनं केळ्यांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि पुन्हा केळ्यांकडे पाहिलं.

“पोरी... हे तर आम्ही आणायचं असतं.”

“माहीत आहे, इबू,” वेनिंग म्हणाली. “पण मुलगा मला आवडलाय. तेव्हा मागायला मीच आले.”

आतून काहीतरी पडल्याचा आवाज झाला, आणि पपईनं बरबटलेले हात घेऊन दामर दारात आला. मग त्याच हातांनी त्यानं तिच्या हातातलं ताट घेतलं, साऱ्या गल्लीदेखत कपाळाला लावलं, आणि आत नेलं.