दोन रेघांचे गुरुवार

“तीन मिनिटें, चाळीस सेकंद.”

रुग्णालयाच्या व्हरांड्यात शेजारच्या बाकावरून हे शब्द आले, तेव्हा मी हातातल्या कागदाने वारा घेत होते. गळ्यापासून कपाळापर्यंत चढलेली ज्वाळा नुकती उतरू लागली होती आणि पाठीवर घाम गार होत होता. मी मान वळवली. पन्नाशी ओलांडलेले एक सावळे, नीटस गृहस्थ मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होते.

“आपण… घड्याळ लावून माझ्याकडे पाहत होतात?”

“क्षमा असावी, बाई.” ते गडबडून उभे राहिले. “‘देवा, काय हा दाह’ म्हणालांत तुम्हीं. मराठी कानीं पडली म्हणून वळलों… मग मोजण्याची खोडी! धंदाच तो.”

ते एकोजीराव. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेल्या मराठी घराण्यातले, विधुर. त्या रुग्णालयात यंत्रांची देखभाल करणारे. त्यांची ती जुनी मराठी ऐकून मला रागावताच येईना. जणू एखादी पोथीच धोतर नेसून समोर उभी होती.

२००६ सालचा ऑक्टोबर होता. व्हरांड्याबाहेर चेन्नईचा पाऊस संथपणे कोसळत होता आणि माझ्या हातातला कागद स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. तांबरमच्या एका शाळेत मी सत्तावीस वर्षे संस्कृत शिकवत आले होते. परंतु त्या वर्षी श्लोकाच्या मध्यावर अंगात आग उसळे, शब्द निसटत, मुली एकमेकींकडे पाहत. शिक्षकांच्या खोलीत कोणी म्हणे, वयाचे आहे; कोणी म्हणे, मनाचे आहे. मिरजेहून भाऊ लिहीत होता, ‘विद्युल्लता, एकटी किती दिवस राहशील? आता ये.’ अर्ज देऊन मोकळे व्हायचे, एवढेच उरले होते.

“मनाचें नव्हे,” माझे सगळे ऐकून एकोजीराव शांतपणे म्हणाले. “इथें आमच्या डॉक्टरीणबाई तेंच मोजताहेत. सहा गुरुवार द्या. मग अर्ज द्यावा कीं न द्यावा, तुम्हीं ठरवावें.”

मी सहा गुरुवार दिले.

शाळा सुटल्यावर चार वाजता मी जात असे. अलमेलू नावाची परिचारिका पडद्याआड माझ्या छातीच्या हाडावर नाण्याएवढ्या दोन चकत्या चिकटवी. त्यांच्या तारा कमरेच्या लहान पेटीत जात. दाह जाणवला की पेटीवरचे बटण दाबायचे. घाम फुटू लागला की त्वचेतून वीज अधिक सहज वाहते, आणि ते पेटी आपल्यापाशी टिपून ठेवते. पण चेन्नईत घामाला निमित्त कुठे लागते? म्हणून त्याच खोलीत, त्याच दमट हवेत, तशीच पेटी बांधून दुसरे कोणीतरी बसे. त्या दुसऱ्या माणसाला आला तो हवेचा घाम. उरला तो माझा दाह.

ते दुसरे माणूस एकोजीराव.

दोन तास आम्ही समोरासमोर बसत असू. बोलायला मनाई नव्हती.

“फिल्टर कॉफी नाहीं हो द्यावयाची, नियम आहे. ऊन पदार्थ वर्ज्य.”

“मग आपण बाहेर जाऊन पिऊन आलात, ते?”

“अय्यो… वास आला काय?”

“सुगंध आला. वास म्हणून त्या कॉफीचा अपमान करू नका.”

ते हसत तेव्हा डोळे आधी हसत, ओठ मागाहून. माझी ज्वाळा चढली, की ते बोलणे थांबवून नुसते बसून राहत. धीर देत नसत, नजरही चुकवत नसत. ती उतरली की अर्धे राहिलेले वाक्य तिथूनच पुढे सुरू करत. असा आदर मला कोणी दिला नव्हता.

पाचव्या गुरुवारी मी सांगितले, “महिनाअखेर मिरजेला जाईन म्हणते.”

“सरि,” ते म्हणाले. बरे, एवढेच. आणि खिडकीकडे पाहू लागले. त्या एका शब्दाने मी उगाच खट्टू झाले.

सहाव्या गुरुवारी अलमेलूने मागच्या पाचही गुरुवारांचे छापील कागद माझ्या हाती दिले. प्रत्येकावर दोन रेघा होत्या. वरची माझी, खालची त्यांची. मी बटण दाबले होते तिथे तिथे माझी रेघ ताठ उभी राहिली होती. एकदाही चुकली नव्हती. माझे डोळे भरून आले. माझ्या शब्दावर कोणी नुसता विश्वास ठेवला नव्हता. तो मोजून खरा ठरवला होता.

मग माझे लक्ष खालच्या रेघेकडे गेले. सपाट असायची ती… दर गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी, मी खोलीत शिरले की, उडी घेत होती. आणि पाचव्या गुरुवारी, साडेपाचच्या सुमारास, मी मिरजेचे नाव काढले तेव्हा—

“एकोजीराव, ऋतुनिवृत्ती आपल्यालाही आली की काय?”

त्यांनी कागद पाहिला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“यंत्र… जुनें आहे.”

“यंत्र प्रामाणिक आहे. माणसाने तेवढे व्हावे.”

ते बोटांनी पेटीची तार सरळ करू लागले.

“तुम्हीं मिरजेस जाऊं नये.”

“शाळेसाठी?”

“शाळेसाठीं जाऊं नयेच. परंतु मी म्हणतों तें… मजसाठीं.”

मी हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, आणि आम्हा दोघांच्याही पेट्या तेव्हा चालू होत्या.

अर्ज मात्र मी आदल्याच दिवशी देऊन बसले होते. दुसऱ्या सकाळी मुख्याध्यापिका विजयालक्ष्मी मॅडमपुढे तो परत मागण्याचा कागद ठेवला. त्यांनी ‘कारण’ लिहिलेली ओळ दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

“विद्युल्लता टीचर, नोकरी सोडायला हे कारण पुष्कळजणी देतात. राहायला कोणी दिलेले मी प्रथमच पाहते आहे.”

तिथे मी एकच शब्द लिहिला होता— विवाह.