खांब नसलेली सावली

हे घडलेलं आहे. ज्यांना पटत नसेल, त्यांनी कळमनुरीकडच्या त्या माळावर वैशाखात, भर दुपारी जाऊन उभं राहावं.

सन १९४३. मनकर्णाच्या तेराव्याचं उरकून तिचा नवरा सोनाजी माळावर गेला, आणि त्याला कळलं...

खांब गेला होता.

जुन्या काळी कुणा जोशानं सूर्याचे वेध घ्यायला तिथं दगडी ओटा बांधला होता. मधोमध पुरुषभर उंचीचा खांब. मनकर्णा रोज ओटा झाडायची. दुपारी खांबाची सावली सगळ्यात आखूड झाली की टोकाला पांढरा खडा ठेवायची. वैशाखात एक दिवस ती सावली खांबाच्या बुडातच जिरायची. त्या दिवशी ती सगळ्या गावाला बोलवायची.

"या, बघा. आपल्याच मानसांनी केलेलं हाय. जपा."

ओटा देवासारखा. म्हणून सुतकात तेरा दिवस सोनाजीनं तिथं पाय ठेवला नव्हता. तेवढ्यात किसनराव पाटलांनी खांब उपटून नव्या गोठ्याचा उंबरा केला.

"काहून उपटला, पाटील? इचारायचं तरी."

"सुतक्याला काय इचारायचं? दगडच तर हाय."

"माझ्या बायकोचा जीव व्हता त्याच्यात."

"मंग येऊन मागंल ती," किसनराव हसले.

सोनाजीनं त्या रात्री भाकरी खाल्ली नाही. दात आवळून बसून राहिला.

पाच दिवसांनी बिनसावलीचा दिवस आला. सवयीनं लोक माळावर जमले. किसनरावही गंमत बघायला आले.

ऊन माथ्यावर आलं. माणसांच्या सावल्या पायाखाली गेल्या.

वारा पडला. बाभळीवर होला पक्षी घुमत होता, तोही गप्प झाला.

खर्र... खर्र...

कुणीतरी ओटा झाडत होतं.

ओट्यावर कुणीच नव्हतं.

मग खांबाच्या रिकाम्या खळग्यातून... एक काळी सावली निघाली. सरळ, लांब. किसनरावांच्या दिशेनं.

"ढग आला असंल," ते म्हणाले.

आभाळात ढग नव्हता.

टक्.

सावलीच्या टोकाला, किसनरावांच्या जोड्यापाशी, पांढरा खडा पडला होता.

"आली मागायला," सोनाजी म्हणाला. "द्या आता."

किसनराव गावाकडे चालू लागले.

त्या दिवसापासून त्यांचे बैल तो उंबरा ओलांडेनात. पाटलांनी मागची भिंत फोडून दुसरं दार केलं. खांब मात्र दिला नाही. गावातलंही कुणी सोनाजीबरोबर मागायला गेलं नाही. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, तरीही.

यंदा अठ्ठेचाळीस साल. दर वैशाखात सोनाजी एकटाच माळावर जातो. झाडू अजून वाजतो.

खांब अजून गोठ्यात आहे. तो परत बसवायचा राहिला आहे.